नोड बूट होत नाही? डिस्कवर काही लिहिण्याआधी या क्रमाने तपासा

क्लस्टरमधला (एकत्र जोडून मोठी गणितं करणाऱ्या मशीनच्या गटातला) नोड, म्हणजे त्यातली एखादी मशीन, उठत नाही तेव्हा साधारणपणे यांतलं काहीतरी दिसतं:

- काळ्या पडद्यावर "नो बूटेबल डिव्हाइस" एवढंच.
- "पीएक्सई-ई" अशी सुरुवात असलेला कोड (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत), आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच.
- "ग्रब रेस्क्यू" असा प्रॉम्प्ट (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर).
- टाइमआउटच्या ओळींमागून ओळी आणि शेवटी "ड्रॅकट" असा प्रॉम्प्ट.
- "इमर्जन्सी मोड" असा संदेश, आणि खाली रूटचा पासवर्ड मागितलेला.
- इन्स्टॉलर सुरू होतो, पण पार्टिशनच्या पायरीवर एरर देऊन थांबतो.
- पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पिंगला उत्तर नाही.
- नोड पूर्ण उठतो, लॉगिनही होतं, तरी स्लर्ममध्ये (नोडना जॉब वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो "डाऊन" दिसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या लॅबमधले आणि उद्यमबागेतल्या कास्टिंग सिम्युलेशन करणाऱ्या ऑफिसांमधले छोटे क्लस्टर मी सांभाळतो. आठ-दहा नोडचे, बरेचसे असेंबल केलेले, काही जुने सर्व्हर विकत घेऊन उभे केलेले. पावसाळा लागला, लाईट जाऊन-येऊन करायला लागली, की फोन सुरू होतात: "सात नंबर उठेना झालाय की ओ सर, डिस्क गेली बघा. फॉरमॅट मारू काय?" मारू नका. हे काम करत आल्यावर एक गोष्ट मला पक्की दिसली आहे. डिस्क खरोखर गेलेली असण्याचे प्रसंग थोडे, आणि घाईने पार्टिशन पुसल्यामुळे डेटा गेल्याचे प्रसंग त्याहून दुःखाचे. म्हणून खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी फक्त बघणाऱ्या तपासण्या, डिस्कवर काही लिहिणाऱ्या सगळ्यात शेवटी.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात ठेवा. कॉम्प्युट नोडची (फक्त गणितं करणाऱ्या नोडची) ओएस असलेली डिस्क पुन्हा तयार करता येते, तिच्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. हेड नोड (बाकीच्यांना चालवणारी मुख्य मशीन), स्टोरेज नोड आणि स्क्रॅच डिस्क (जॉब चालताना लिहायची जागा) यांचं तसं नाही. स्क्रॅच ही तात्पुरती जागा असं कागदावर असतं, पण एमटेकच्या मुलाचे कित्येक महिन्यांचे निकाल तिथेच पडलेले असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते.

एकच नोड की सगळे?

हा प्रश्न फुकटचा आहे आणि निम्मं काम करतो. सगळे नोड एकाच वेळी उठेनासे झाले असतील तर सगळ्यांच्या डिस्क एकाच वेळी गेल्या असं होत नसतं. मग आधी हेड नोडकडे आणि स्विचकडे जा.

नेटवर्कवरून बूट होणाऱ्या क्लस्टरमध्ये डीएचसीपी (नोडला पत्ता देणारी सेवा), टीएफटीपी (बूटची फाइल देणारी) आणि एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर देणारी) हे सगळं हेड नोडवर असतं. लाईट आली की बहुतेक मशीन आपोआप चालू होतात, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये) वीज परत आल्यावर चालू व्हायचं सेटिंग दिलेलं असतं. कॉम्प्युट नोडवर फारसं काही नसतं, म्हणून ते आधी तयार होतात. हेड नोडवर मोठी स्टोरेज असते, तिची तपासणी होऊन तो उठायला वेळ लागतो. तोवर नोड डीएचसीपी मागून थकतात, लोकल डिस्ककडे वळतात, आणि डिस्कवर ओएसच नसेल तर "नो बूटेबल डिव्हाइस" म्हणून उभे राहतात. माणूस येतो तेव्हा हेड नोड व्यवस्थित चालू असतो आणि सगळे नोड मेल्यासारखे दिसतात. हेड नोड पूर्ण उठल्याची खात्री करून एकेक नोड पुन्हा चालू करा, काम होतं.

हे कायमचं टाळायचं असेल तर कॉम्प्युट नोडच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर बंद राहण्याचं सेटिंग ठेवा आणि चालू करण्याचा क्रम भिंतीवर लावा: आधी स्विच, मग हेड नोड, त्यावर लॉगिन होतंय हे बघून मग बाकीचे. हा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. रविवारी मेन स्विच चढवायला कोण येईल हे आपल्या हातात नसतं.

पडद्याचा फोटो आणि केबल

रीस्टार्ट करण्याआधी पडद्याचा फोटो घ्या. संदेश भराभर सरकत असतील तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवत बघा. "एरर आली होती काहीतरी" यावरून कोणालाही काही सांगता येत नाही. पडद्यावरचं पहिलं एरर वाक्य महत्त्वाचं, शेवटचं नव्हे. शेवटचं वाक्य बहुतेक वेळा पहिल्याचा परिणाम असतो.

मग पेन ड्राइव्ह. कोणीतरी इन्स्टॉलेशनसाठी लावलेला पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला तसाच राहिलेला असतो आणि मशीन तिथून बूट व्हायला बघते. काढा. मशीन बंद करून, वायर काढून, डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढून पुन्हा बसवा. उद्यमबागेत फौंड्रीची बारीक धूळ आणि मशीनचे हादरे, खानापूरकडे पावसाळ्यातला दमटपणा, यामुळे सैल कनेक्टर हा आमच्याकडे नेहमीचा प्रकार आहे. यात खर्च काहीच नाही.

बायोसचा सेल

यावर जास्त लिहितोय, कारण सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे.

मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. नावातच माप आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. मशीन बंद असली तरी वायर प्लगमध्ये असते तोवर एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) थोडी वीज बोर्डला मिळत राहते, त्यामुळे सेल संपत आलेला असला तरी कोणाला कळत नाही. गणपतीच्या किंवा दसऱ्याच्या सुट्टीत लॅबचा मेन स्विच पाडला जातो आणि आठ-दहा दिवस सगळा भार त्या सेलवर येतो. सुट्टी संपल्यावर नोड उठत नाहीत, आणि मग "सुट्टीच्या आधी चांगला चालत होता, आता डिस्क गेली" अशी समजूत होते.

सेल संपला की बायोसची सेटिंग कारखान्यातून आल्यासारखी होतात. त्यात चार गोष्टी बिघडू शकतात. बूट मोड युईएफआयवरून (नव्या पद्धतीवरून) लेगसीवर (जुन्या पद्धतीवर) किंवा उलट जातो, मग डिस्कवरची ओएस ज्या मोडमध्ये बसवली होती त्या मोडमध्ये बोर्ड तिला शोधतच नाही. साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) मोड एएचसीआयवरून (सुट्या डिस्कच्या मोडवरून) रेडवर (अनेक डिस्क एकत्र बांधायच्या मोडवर) जातो आणि डिस्क लिनक्सला दिसेनाशी होते. नेटवर्क बूट बंद होतं. सिक्युअर बूट चालू होतं आणि सही नसलेला बूटलोडर नाकारला जातो. चारही वेळा डिस्क ठणठणीत असते.

याशिवाय, सेल कमजोर झाला की बऱ्याच बोर्डांचा बायोस "एफ१ दाबा" म्हणून थांबून राहतो. नोडला मॉनिटर-कीबोर्ड नसतो, त्यामुळे बाहेरून दिसतं ते एवढंच: पंखे फिरतायत, पिंग नाही. म्हणून पिंग नसलेल्या नोडला आधी मॉनिटर लावा. सर्व्हरला आयपीएमआय (मशीन दुरून बघायची-चालवायची सोय) असेल तर तिथून कन्सोल बघा.

सेल तपासायला मल्टिमीटर पुरतो. मशीनची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, सेल काढून व्होल्टेज मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर मी तो बदलतो. खडेबाजारात घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना एका नोडचा नको, त्याच वेळी घेतलेल्या सगळ्या नोडचे बदला. वय सगळ्यांचं सारखंच असतं.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन वेळ, बूट मोड, साटा मोड, बूटचा क्रम, नेटवर्क बूट आणि सिक्युअर बूट, हे चालू असलेल्या शेजारच्या नोडशी ताडून बघा. चांगल्या नोडच्या बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवलेले असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि वेळ नीट लावाच. स्लर्म "मुंज" नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवरून ओळख पटवतं, त्याच्या तिकिटाची मुदत मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांची असते. नोडचं घड्याळ त्याहून जास्त मागे-पुढे असेल तर नोड पूर्ण उठूनही स्लर्म त्याला ओळखत नाही. लक्षणांतलं शेवटचं लक्षण हे. घड्याळ बरोबर असूनही डाऊन दिसत असेल तर "एसइन्फो -आर" दिल्यावर कारण दिसतं. ते "नोड अनपेक्षितपणे रीबूट झाला" असं असेल तर काहीच दुरुस्त करायचं नाही, "एसकंट्रोल"ने नोडला रिझ्यूम द्यायचा.

पीएक्सईचे कोड

हे कोड नेमके आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा. ई६१ म्हणजे नेटवर्क केबल किंवा पोर्टच नाही. ई५१ म्हणजे केबल आहे, पण डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल उचलायची हे सांगितलं गेलं नाही. ई३२ म्हणजे फाइल आणायला गेल्यावर टीएफटीपीने दार उघडलं नाही, बहुतेक वेळा फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ बंद असतो.

ई५१ कधी येतो, कधी येत नाही, असं होत असेल तर स्विच बघा. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणारी सोय) चालू असेल तर केबलला लिंक आल्यावर जुन्या पद्धतीत पोर्ट ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. तोवर पीएक्सईचा धीर संपतो. नोडकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) लावायचं. स्विच बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून नोड उठेनात, अशी तक्रार असेल तर मी बाकी काही न बघता हेच आधी बघतो.

इमर्जन्सी मोड

इमर्जन्सी मोड दिसला की माणसं घाबरतात, पण ही खरं तर चांगली बातमी आहे. बूटलोडर चालला, कर्नल (ओएसचा गाभा) चालला, रूट (ओएसचं मुख्य पार्टिशन) सापडला. अडलंय ते त्यानंतर, आणि बहुतेक वेळा एफएसटॅब (कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची याची यादी) या फाइलमधल्या एखाद्या ओळीवर.

नेहमीचं उदाहरण. नोडला ओएसची एक छोटी एसएसडी आणि स्क्रॅचसाठी एक मोठी डिस्क. एफएसटॅबमध्ये स्क्रॅचची ओळ साधी लिहिलेली. स्क्रॅच डिस्कची केबल सैल झाली किंवा ती खरोखर गेली, की सिस्टिमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारं सॉफ्टवेअर) तिची दीड मिनिट वाट बघतं आणि सगळा नोड इमर्जन्सी मोडमध्ये नेतं. ओएसची डिस्क पूर्ण चांगली असताना लोक तिच्यावर नवीन इन्स्टॉलेशन करतात, इन्स्टॉलर स्क्रॅचलाही पुसतो, आणि जे वाचवता आलं असतं तेच जातं.

रूटचा पासवर्ड देऊन आत जा. "जर्नलसीटीएल -एक्सबी" मध्ये कोणत्या माउंटवर (कोणती डिस्क जोडताना) अडलं ते लाल अक्षरांत दिसतं. "एलएसबीएलके -एफ" देऊन कोणत्या डिस्क आणि कोणते युयुआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख-क्रमांक) दिसतायत ते एफएसटॅबशी ताडून बघा. दोन गोष्टी सापडतात: डिस्कच यादीत नाही, किंवा डिस्क आहे पण एफएसटॅबमध्ये एसडीबी असं नाव लिहिलंय आणि आज ती एसडीए झाली आहे. ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, नवीन डिस्क लावली किंवा केबल दुसऱ्या पोर्टला गेली की बदलतात. एफएसटॅबमध्ये युयुआयडीच लिहायचा.

स्क्रॅचच्या ओळीत "नोफेल" हा पर्याय घाला. मग स्क्रॅच नसली तरी नोड उठतो, तुम्ही हेड नोडवरून लॉगिन करून शांतपणे तपासू शकता. मात्र त्यासोबत जॉब सुरू होण्याआधी स्क्रॅच माउंट आहे का हे बघणारी तपासणी स्लर्ममध्ये लावा. नाहीतर जॉब रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत राहतात आणि रूटची जागा भरते. एनएफएसच्या ओळींना "_नेटडेव्ह" (आधी नेटवर्क येऊ दे, मग जोड, असं सांगणारा पर्याय) हवं. फाइल बदलल्यावर रीबूट करण्याआधी "माउंट -ए" देऊन बघा, चूक असेल तर तिथेच कळते.

ड्रॅकट आणि ग्रब

ड्रॅकटचा प्रॉम्प्ट आला तर कर्नल चालला, पण त्याला रूटची डिस्क मिळाली नाही. इथली सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे ग्रबच्या मेनूतली रेस्क्यू नावाची ओळ निवडणे. रेस्क्यूच्या इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो त्या छोट्या इमेजमध्ये) सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. नेहमीच्यात फक्त त्या मशीनपुरते असतात. रेस्क्यूवरून नोड उठला, तर डिस्क आणि पार्टिशन निर्दोष आहेत, इनिटरामएफएस नव्याने तयार करायची एवढंच. एका नोडची इमेज काढून वेगळ्या बोर्डच्या नोडवर टाकली की हे हमखास होतं. ड्रॅकटला (इनिटरामएफएस बनवणाऱ्या साधनाला) "नो-होस्टओन्ली" देऊन इमेज बनवली असती तर झालं नसतं. दुसरं कारण: कर्नल अपडेट चालू असताना लाईट गेली किंवा बूट पार्टिशन भरलं, आणि फाइल अर्धवट राहिली. "डीएफ -एच" बघा, मागच्या कर्नलवरून बूट करून बघा.

"ग्रब रेस्क्यू" असेल तर तिथेच "एलएस" टाइप करा. हे फक्त वाचतं. डिस्कचं नाव आणि पुढे जीपीटी१, जीपीटी२ असे भाग दिसले, तर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद) जिवंत आहे, ग्रबला त्याच्या फाइलींची जागा सापडत नाहीये एवढंच. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं अशा पेन ड्राइव्हवरून) ग्रब पुन्हा बसवता येतो. काहीच दिसलं नाही तर डिस्ककडे वळायचं.

बोर्ड बदलून आणल्यावर युईएफआय मशीन उठत नसेल, तर बूटची नोंद जुन्या बोर्डाच्या मेमरीत गेली आहे. "ईएफआयबूटएमजीआर"ने ती नव्याने लिहा. त्यासाठी लाइव्ह पेन ड्राइव्हही युईएफआय मोडमध्येच चालू केलेला हवा.

डिस्कची तब्येत

आता कुठे डिस्कवर संशय घ्यायचा. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून "स्मार्टसीटीएल -ए" (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा आणि चार आकडे बघा. ५ नंबर: बदललेले सेक्टर. १९७: वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८: दुरुस्त न झालेले. १९९: केबलमधल्या चुका. फक्त १९९ वाढलेला असेल तर डिस्क नको बदलू, दोनशे रुपयांच्या आतली साटा केबल बदला आणि आकडा वाढायचा थांबतो का बघा. हा आकडा कमी होत नाही, वाढणं थांबलं म्हणजे झालं. १९७ शून्याच्या वर असेल आणि डिस्कवर हवा असलेला डेटा असेल तर इथून पुढे त्या डिस्कवर एकही दुरुस्तीची कमांड द्यायची नाही. आधी "डीडीरेस्क्यू"ने मॅपफाइलसकट (कोणता भाग वाचला गेला याच्या नोंदीसकट) तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, आणि जे काही करायचं ते प्रतीवर.

इथे एक सापळा आहे. बिघडलेल्या नोडची डिस्क काढून शेजारच्या चांगल्या नोडला दुसरी डिस्क म्हणून लावणं सोपं वाटतं. पण दोन्ही नोड एकाच इमेजवरून क्लोन केलेले असतील तर दोन्ही डिस्कचे युयुआयडी एकच असतात. मशीन बूट होताना रूट म्हणून कोणती डिस्क उचलेल याचा भरवसा नाही. म्हणजे तुम्ही समजताय चांगल्या डिस्कवर आहोत, आणि प्रत्यक्षात सगळं लिखाण बिघडलेल्या डिस्कवर चाललंय. एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) तर जुळा युयुआयडी दिसला की माउंटच करत नाही, आणि लोक "फाइल सिस्टिम करप्ट" म्हणून दुरुस्तीला लागतात. डिस्क लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट केलेल्या मशीनलाच लावा. आणि नुसतं बघायचं असेल तर एक्सएफएसला "आरओ" (फक्त वाचायचा पर्याय) एकट्याने पुरत नाही, तेव्हाही तो लॉग (अर्धवट राहिलेल्या कामांच्या नोंदी) चालवून डिस्कवर लिहितो. सोबत "नोरिकव्हरी" द्यायचं, जुळा असेल तर "नोयुयुआयडी"ही.

फाइल सिस्टिम तपासायची तर आधी न लिहिणाऱ्या पद्धतीने: एक्सएफएसला "एक्सएफएस-रिपेअर -एन", ईएक्सटी४ ला "ई२एफएससीके -एन". माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती कधीच नाही.

पार्टिशन टेबल

जुन्या एमबीआर पद्धतीत सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. ४४६ बाइट बूटचा कोड, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनच्या नोंदी, शेवटचे २ बाइट खूण. दुसरी प्रत नाही. शिवाय ५१२ बाइटच्या सेक्टरला ती २ टेबीबाइटपर्यंतच पोचते. ४ टीबीची डिस्क अर्धीच दिसते ती यामुळे. नव्या जीपीटी पद्धतीत टेबल डिस्कच्या सुरुवातीला असतं आणि त्याची प्रत अगदी शेवटी. म्हणून जीपीटी बिघडली तरी आशा असते.

"जीडिस्क"ने डिस्क उघडली की मुख्य आणि मागची प्रत चांगली आहे का ते तोच सांगतो. मुख्य खराब, मागची चांगली असेल तर "आर" दाबून रिकव्हरी मेनूत जा, "बी" आणि "सी" ने मागच्या प्रतीवरून टेबल उभं करा, "पी" ने छापून बघा. पार्टिशनची सुरुवात आणि आकार शेजारच्या नोडशी जुळतात का ते पाहा. "डब्ल्यू" दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, "क्यू" ने बाहेर पडता येतं. एफडिस्कचंही असंच. "पार्टेड" मात्र प्रत्येक कमांड तिथल्या तिथे डिस्कवर उतरवतो. हा फरक माहीत नसताना पार्टेडमध्ये प्रयोग करू नका.

नोड चांगला असताना "एसजीडिस्क"च्या बॅकअप पर्यायाने टेबलाची प्रत हेड नोडवर ठेवा. फाइल काही किलोबाइटची असते. प्रत्येक नोडची, नोडच्या नावाने.

पुन्हा इन्स्टॉल करताना

कॉम्प्युट नोडवर हवं असलेलं काही नाही हे वापरणाऱ्यांना विचारून नक्की झालं, तर नव्याने बसवणंच सोपं. पण स्क्रॅच डिस्कची केबल आधी हाताने काढा. किकस्टार्ट फाइलमध्ये (इन्स्टॉलरला आपोआप उत्तरं देणाऱ्या फाइलमध्ये) "क्लिअरपार्ट --ऑल" असेल आणि "इग्नोअरडिस्क"ने एकाच डिस्कपुरतं बांधलेलं नसेल, तर इन्स्टॉलर दिसेल ती डिस्क पुसतो. "इग्नोअरडिस्क"मध्येही एसडीए न लिहिता डिस्कचं बाय-आयडी किंवा बाय-पाथ नाव लिहा. कारण वर आलंच आहे.

इन्स्टॉलर पार्टिशनवर अडतो त्याची दोन कारणं मला वारंवार दिसतात. एक, लेगसी मोडमध्ये जीपीटी डिस्क. तिथे ग्रबला राहायला जागा नसते, म्हणून १ एमबीचं बायोसबूट पार्टिशन द्यावं लागतं. युईएफआय मोडमध्ये त्याऐवजी फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन लागतं. दोन, जुन्या खुणा. आधी रेडमध्ये किंवा झेडएफएसमध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) वापरलेली डिस्क नोडला लावली की इन्स्टॉलरला ती कोणत्यातरी गटाची सदस्य वाटते. लोक डीडी कमांडने सुरुवातीचे काही एमबी शून्य करतात आणि तरी एरर येते, कारण जीपीटीची प्रत, झेडएफएसची दोन लेबलं आणि काही प्रकारच्या रेडची माहिती डिस्कच्या शेवटी असते. "वाइपएफएस" काही पर्याय न देता चालवला की खुणा फक्त दाखवतो. त्या बघून, डिस्कचा सीरियल नंबर बाहेरच्या स्टिकरशी जुळवून, मगच "-ए" द्या.

जुन्या रॉक्स (क्लस्टर उभे करायचं एक लिनक्स) क्लस्टरवर उलटा त्रास होतो: पार्टिशनची नवी रचना दिली तरी रीइन्स्टॉलमध्ये जुनीच राहते. पहिल्या पार्टिशनमध्ये "डॉट रॉक्स-रिलीज" नावाची फाइल असली की रॉक्स जुनं टेबल जपतो. ती काढली की नवी रचना लागते.

इथे थांबा

डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येत असेल आणि आत हवा असलेला डेटा असेल, तर मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. डीडीरेस्क्यूही नको. ते डेटा रिकव्हरीच्या लॅबचं काम, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने त्यांचं काम अवघड होतं.

हार्डवेअर रेड कंट्रोलर "फॉरिन कॉन्फिगरेशन" म्हणत असेल, किंवा एकापेक्षा जास्त डिस्क एकदम बाहेर दाखवत असेल, तर कोणताही पर्याय निवडू नका. कोणती डिस्क कोणत्या खणात होती ते लिहून ठेवा आणि सर्व्हरच्या कंपनीला किंवा एएमसीवाल्याला बोलवा. चुकीच्या वेळी दाबलेला "इम्पोर्ट" किंवा "क्लिअर" परत घेता येत नाही.

हेड नोडच्या होम किंवा स्टोरेजच्या डिस्कवर एक्सएफएस-रिपेअर "-एल" द्यायला सांगत असेल आणि बॅकअप नसेल, तर थांबा. त्याने लॉग पुसला जातो आणि शेवटची नोंद न झालेली कामं जातात. जाणकाराने प्रतीवर करून बघितल्याशिवाय ते करायचं नाही.

एसएमपीएस जळका वास देत असेल तर उघडू नका, बदला. आणि एकाच लाइनवरचे नोड आलटून-पालटून डिस्क खात असतील, १९९ चा आकडा नव्या केबलवरही वाढत असेल, तर दोष क्लस्टरच्या बाहेर आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज तपासून घ्या, यूपीएसवाल्याला बॅटरी बघायला सांगा. ते झाल्याशिवाय नवीन डिस्क लावू नका.

ज्याला बोलवाल त्याला हातात द्यायच्या गोष्टी: पडद्याचे फोटो, स्मार्टसीटीएलचं पूर्ण आउटपुट, "एलएसबीएलके"चं आउटपुट, डिस्कचा सीरियल नंबर आणि मॉडेल, आत कोणाचा कोणता डेटा आहे त्याची यादी, आणि आतापर्यंत कोणकोणत्या कमांड चालवल्या त्या क्रमाने. शेवटची यादी पूर्ण द्या, काही लपवू नका. डिस्कवर आधी काय लिहिलं गेलंय हे माहीत असल्याशिवाय पुढच्या माणसाला सुरक्षित पाऊल टाकता येत नाही.